बीईटीचा आकडा हातात आला, आता तो वाचायचा कसा?

बीईटीचा, म्हणजे एका ग्रॅम पावडरीला किती पृष्ठभाग आहे ते सांगणारा, रिपोर्ट आला की आमची पोरं पहिलं पान उघडतात, त्यावरचा एक आकडा वहीत उतरवून घेतात आणि फाईल बंद करतात. त्या एका आकड्यावर मग प्रबंधातली चार पानं उभी राहतात. "क्षेत्रफळ जास्त, म्हणून उत्प्रेरक चांगला." हे वाक्य मी इतक्या वेळा लाल शाईने खोडलंय की आता हात आपोआप चालतो.

आमचं कॉलेज भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात आहे. राइस मिलच्या मागे तुसाचे ढीग पडलेले असतात. त्या तुसातून आम्ही सिलिका काढतो, तिच्यावर निकेलचे नॅनोकण बसवतो आणि पॅरा-नायट्रोफेनॉलचं रूपांतर करून बघतो. पृष्ठफळ मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. नमुने बाटल्यांत भरून एसटीने नागपूरला जातात आणि रिपोर्ट मेलवर येतो. म्हणजे मोजताना आपण तिथे हजर नसतो, आणि म्हणूनच रिपोर्ट शेवटच्या पानापर्यंत वाचता यायला हवा. विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत असंच बाहेरून मोजून आणणारे जे एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

यंत्र नेमकं काय मोजतं

खळ्यावर धान एक दाणा जाडीने पसरलं, दाणे मोजले आणि एका दाण्याला किती जागा लागते हे माहीत असलं, की खळ्याचं क्षेत्रफळ निघतं. बीईटीत खळं म्हणजे आपली पावडर आणि दाणा म्हणजे नायट्रोजनचा रेणू. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असं धरतात. मोजणी द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्विनला, होते. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत ठेवतात, त्या टाकीतलाच हा द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा.

अडचण अशी की सगळं खळं झाकलं जाण्याआधीच काही दाण्यांवर दुसरे दाणे चढतात. पहिला थर नेमका कधी पूर्ण झाला हे डोळ्यांना दिसत नाही, ते हिशेबाने काढावं लागतं. हा हिशेब १९३८ मध्ये ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी मांडला, त्यांच्या नावांची आद्याक्षरं म्हणजे बीईटी. हा हिशेब काही गृहीतकांवर उभा आहे. ती गृहीतकं मोडली तरी सॉफ्टवेअर आकडा देतंच, ते कधी नाही म्हणत नाही.

पायरी पहिली: आकडा सोडा, नमुन्याची माहिती वाचा

रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नमुन्याचं वजन, डीगॅसिंगचं (गरम करून, निर्वातात नमुन्यातली ओल आणि वायू काढण्याचं) तापमान आणि वेळ, संपृक्त दाब (ज्या दाबाला नायट्रोजनचा द्रव होतो तो), असं सगळं असतं. तिथून सुरुवात करा.

वजन डीगॅसिंगच्या आधीचं आहे की नंतरचं? तुसाची सिलिका पावसाळ्यात भरपूर ओल धरते. समजा ओल्या नमुन्याचं वजन ०.१५० ग्रॅम होतं आणि गरम करून निर्वात केल्यावर ०.१२६ ग्रॅम उरलं. वायू बसणार ०.१२६ ग्रॅमवर आणि भागाकार होणार ०.१५० ने, म्हणून खरं १८० चौ.मी./ग्रॅम असेल तिथे १५१ छापून येईल. आमच्यासोबत असंच झालं होतं. ऑगस्टमध्ये पाठवलेले तिन्ही नमुने उन्हाळ्यातल्या नमुन्यांपेक्षा कमी आले आणि आम्ही महिनाभर आमच्याच भट्टीला दोष देत बसलो. शेवटी मोजणाऱ्याला फोन करून वजन विचारलं तेव्हा उलगडा झाला. नंतरचं वजन घातल्यावर तेच नमुने जागेवर आले, पुन्हा मोजायची गरजही पडली नाही.

डीगॅसिंगचं तापमान तुमच्या भाजणीच्या तापमानापेक्षा कमीच हवं. निकेल नायट्रेट लावून फक्त १२० अंशांवर वाळवलेला नमुना यंत्रावर ३०० अंशांना ठेवला, तर नायट्रेट तिथेच फुटतं. मग तुम्ही पाठवला तो नमुना एक आणि मोजला गेला तो दुसराच. ५०० अंशांवर भाजलेली सिलिका किंवा ऑक्साइड २०० ते ३०० अंशांना सहसा बिनघोर राहतं. बाटलीवर नावाबरोबर हे तापमानही लिहून पाठवत जा, मोजणाऱ्याला स्वप्न पडत नाही.

संपृक्त दाब ७६० टॉर (दाबाचं एकक) असा गोल आकडा दिसला तर तो मोजलाय की गृहीत धरलाय, हे विचारा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे आणि तिथला हवेचा दाब ७६० पेक्षा वीस-तीस टॉरने कमी असतो. द्रव नायट्रोजनचा संपृक्त दाब या हवेच्या दाबाच्या आसपासच, थोडा वर, राहतो. मुंबईचा आकडा नागपुरात चालवला की सापेक्ष दाबाचा (वायूचा दाब भागिले संपृक्त दाब) प्रत्येक बिंदू थोडा सरकतो.

शेवटी वजनाला क्षेत्रफळाने गुणा. ०.१ ग्रॅम गुणिले १८० म्हणजे नळीत १८ चौरस मीटर होते, तेवढं पुरेसं आहे. पण जास्त तापवलेलं झिंक ऑक्साइड ४ चौ.मी./ग्रॅमचं असेल आणि तेही ०.१ ग्रॅमच घेतलं असेल, तर नळीत अर्धा चौरस मीटरसुद्धा नव्हता. असा आकडा यंत्राच्या स्वतःच्या चुकीतच बुडून जातो. तिथे नमुना जास्त घ्यावा, आणि क्षेत्रफळ १ चौ.मी./ग्रॅमच्याही खाली असेल तर नायट्रोजनऐवजी क्रिप्टॉन मागावा.

पायरी दुसरी: वक्र बघा

आडव्या अक्षावर सापेक्ष दाब, शून्य ते एक. उभ्या अक्षावर शोषलेला वायू. हा आयसोथर्म म्हणजे नमुन्याची कुंडली. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८५ मध्ये वक्रांचं आणि त्यांच्या फासांचं (जाण्या-येण्याची वाट वेगळी झाली की पडणाऱ्या वेटोळ्यांचं) वर्गीकरण दिलं आणि २०१५ मध्ये ते सुधारलं. आपल्या कामापुरतं तीन प्रकार ओळखता आले तरी भागतं.

सुरुवातीला थोडा चढून गुडघा, मग संथ चढ आणि शेवटी उसळी, जाताना (दाब वाढवताना) आणि येताना (दाब उतरवताना) वाट एकच: हा दुसरा प्रकार, छिद्रं नसलेल्या किंवा फार मोठी छिद्रं असलेल्या पावडरीचा. तसाच गुडघा, पण मध्येच उडी आणि परतीची वाट वेगळी: चौथा प्रकार, २ ते ५० नॅनोमीटरची छिद्रं. धानाच्या तुसाची सिलिका बहुतेक इथेच येते. अगदी सुरुवातीलाच भिंतीसारखा उभा चढ आणि मग पठार: पहिला प्रकार, २ नॅनोमीटरखालची सूक्ष्म छिद्रं. यवतमाळकडचे मित्र पऱ्हाट्यांपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) सक्रिय कोळसा करतात, त्यांचे वक्र असेच असतात.

परतीची वाट खाली ०.४ च्या सुमारास जाण्याच्या वाटेला मिळायला हवी. साध्या ऑक्साइडमध्ये ती शेवटपर्यंत मिळालीच नाही, तर संशय मोजणीवर घ्या: कुठेतरी गळती, अपुरं डीगॅसिंग किंवा समतोलाला दिलेला कमी वेळ. असा वक्र असेल तर पुढचं काहीही वाचू नका, नमुना परत पाठवा. पैसे पुन्हा लागतील म्हणून वाद होतो खरा, पण तो वाद घालायचाच.

पायरी तिसरी: हिशेब स्वतः करून बघा

हे काम एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं आहे आणि एकदा हाताने केलं की जन्मभर लक्षात राहतं. सापेक्ष दाबाला क्ष म्हणू, त्या दाबाला एका ग्रॅमवर शोषलेल्या वायूला (घन सेंटीमीटर, ० अंश आणि १ वातावरण दाबाला) व म्हणू. शिकवण्यासाठी हे बिंदू घ्या:

क्ष ०.०५, व ३६.५८
क्ष ०.१०, व ४२.१५
क्ष ०.१५, व ४६.०४
क्ष ०.२०, व ४९.७०
क्ष ०.२५, व ५३.५३
क्ष ०.३०, व ५७.७२

प्रत्येक बिंदूसाठी क्ष भागिले [व × (१ − क्ष)] काढा आणि ते क्षच्या विरुद्ध आलेखावर मांडा. सरळ रेषा येते. तिचा उतार ०.०२३९४ आणि उभ्या अक्षावरचा छेद ०.०००२४२. दोघांची बेरीज करून एकाला तिने भागा: ४१.३५. हा एकथराचा वायू. एक घन सेंटीमीटर नायट्रोजन एक रेणू जाडीने पसरला तर ४.३५३ चौ.मी. झाकतो, म्हणून ४१.३५ × ४.३५३ = १८० चौ.मी./ग्रॅम. अशा बावीस-तेवीस ग्रॅम पावडरीत एक एकर रान मावतं. पोरांना हे सांगितलं की क्षणभर वर्गात शांतता होते.

आता तपासणी. तीन गोष्टी बघायच्या.

उताराला छेदाने भागून एक मिळवा, तो 'सी' स्थिरांक. इथे तो १०० येतो. पृष्ठभाग आणि नायट्रोजन यांची ओढ किती, हे तो सांगतो. ८० ते १५० च्या दरम्यान असेल तर निवांत राहा. ५० च्या खाली गेला तर पहिला थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे धूसर होतं. १५० च्या बराच वर गेला तर सूक्ष्म छिद्रं असल्याचा संशय घ्या. ऋण आला तर निवडलेला पट्टाच चुकला. यात वाटाघाटी नाहीत, कारण ऋण 'सी'ला काही अर्थच नाही.

दुसरं, व × (१ − क्ष) हा गुणाकार. तो क्षसोबत वाढत राहायला हवा. आपल्या उदाहरणात ३४.७५, ३७.९४, ३९.१३, ३९.७६, ४०.१५, ४०.४० असा चढतोय. जिथून तो उतरायला लागतो, तिथून पुढचे बिंदू रेषेतून काढून टाका.

तिसरं, एकथराचा आकडा (४१.३५) ज्या दाबाला वक्रावर सापडतो, तो दाब तुम्ही निवडलेल्या पट्ट्यात हवा. एकाला ('सी'चं वर्गमूळ अधिक एक) ने भागलं की तोच दाब हिशेबाने मिळतो. इथे १ ÷ ११ = ०.०९, आणि वक्रावरही तो ०.०५ आणि ०.१० च्या मध्येच येतो. जमलं.

पुस्तकात ०.०५ ते ०.३० असा पट्टा दिलेला असतो आणि पुष्कळ सॉफ्टवेअर तोच धरून चालतात. सूक्ष्म छिद्रं नसलेल्या पावडरीला तो चालतो. पऱ्हाटीच्या कोळशाला तो लावला की 'सी' ऋण येतो, कारण ०.०५ पर्यंत त्याची सूक्ष्म छिद्रं भरून झालेली असतात. तिथे पट्टा ०.१ च्या खाली, कधी कधी ०.०५ च्याही खाली सरकवावा लागतो. त्यातून निघणारा आकडाही 'भासमान' क्षेत्रफळ म्हणूनच लिहावा, कारण अरुंद फटीत रेणू थराने बसत नाहीत, पोत्यात धान भरावं तसे भरले जातात.

पायरी चौथी: कणाच्या आकाराशी मेळ घाला

छिद्रं नसलेले गोल कण धरले तर व्यास (नॅनोमीटर) = ६००० ÷ (घनता × क्षेत्रफळ). नुसतं निकेल ऑक्साइड घ्या, घनता ६.६७ ग्रॅम/घ.सेंमी., क्षेत्रफळ ४५. व्यास निघतो २० नॅनोमीटर. एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) शेररच्या सूत्राने १२ आला असेल तर घाबरू नका. एक्सआरडी स्फटिक मोजतं आणि बीईटी उघडा पृष्ठभाग. स्फटिक एकमेकांना चिकटले की सांध्यातली जागा नायट्रोजनला मिळत नाही. उलट, बीईटीचा व्यास एक्सआरडीपेक्षा बराच लहान आला, तर कणांत छिद्रं आहेत किंवा सोबत अस्फटिक भाग आहे.

पळसाच्या, कडुलिंबाच्या पाल्याचा अर्क वापरून नॅनोकण करायची सध्या लाट आहे. त्यातल्या कित्येक नमुन्यांत टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) १० नॅनोमीटरचे कण दिसतात आणि बीईटी ८-१० चौ.मी. दाखवतं. अर्कातली सेंद्रिय साल कणांवर बसलेली असते आणि कण तिच्यात गुंफलेले असतात. ही साल उत्प्रेरकाचीही वाट अडवते. यावर माझं मत कडू आहे: भाजल्याशिवाय आणि भाजल्यानंतर, असे दोन आकडे दिल्याशिवाय अशा कणांचं क्षेत्रफळ छापूच नये.

छिद्रांविषयी थोडक्यात

बीजेएच पद्धत (१९५१) छिद्रांच्या आकाराचा आलेख देते. परतीच्या वाटेवरून काढलेल्या आलेखात ३.८ नॅनोमीटरला टोकदार शिखर दिसलं तर ते छिद्राचं असेलच असं नाही. नायट्रोजनचा द्रव सापेक्ष दाब ०.४२ च्या आसपास आला की छिद्रांत टिकतच नाही, एकदम उडून जातो, आणि तोच धक्का शिखर म्हणून उमटतो. जाण्याच्या वाटेवरचा आलेख बघा. तिथे शिखर नसेल तर ते विसरा. शिवाय १० नॅनोमीटरखालची छिद्रं बीजेएच खरी आहेत त्यापेक्षा लहानच दाखवतं.

आणि ०.९ च्या पुढची उसळी पाहून "सच्छिद्र नॅनोकण" असं लिहू नका. बऱ्याच वेळा ती कणांमधली पोकळी असते. ढिगात तुसाच्या दाण्यांमध्ये हवा असते, म्हणून दाणा पोकळ ठरत नाही.

पायरी पाचवी: सातबारा आणि पोटखराबा

सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र एक असतं आणि लागवडीचं दुसरं. मध्ये पोटखराबा असतो: नाला, दगड, पांदण. बीईटीचा आकडा एकूण क्षेत्र आहे. अभिक्रिया होते फक्त निकेलवर, आणि सिलिका सगळी पोटखराबा.

आधी साधा भागाकार. नुसत्या सिलिकेचं २२०, आणि १० टक्के निकेल ऑक्साइड चढवल्यावर १८०. "४० ने घटलं, छिद्रं बुजली," असं पोरं लिहितात. पण एका ग्रॅममध्ये आता सिलिका ०.९ ग्रॅमच आहे, म्हणून काहीही न बुजता आकडा १९८ वर येणारच होता. १८० ला ०.९ ने भागा: सिलिकेच्या एका ग्रॅममागे २००. खरी घट २२० वरून २००, म्हणजे नऊ टक्के.

मग निकेल किती उघडं आहे? त्यासाठी हायड्रोजनचं केमिसॉर्प्शन, म्हणजे धातूला रासायनिक बंधाने चिकटणारा हायड्रोजन मोजणं, लागतं. नमुना यंत्रातच हायड्रोजनमध्ये तापवून निकेल ऑक्साइडचं निकेल करायचं, निर्वात करायचं आणि मग मोजायचं. बाहेर तापवून बाटलीत भरून पाठवू नका. बारीक निकेल हवेत लगेच ऑक्साइड होतं, कधी पेटतंही.

समजा एका ग्रॅमने ६७ मायक्रोमोल हायड्रोजन घेतला. रेणू तुटून दोन अणू होतात आणि एकेक अणू एकेका निकेलवर बसतो, म्हणून उघडे निकेल १३४ मायक्रोमोल. एकूण निकेल किती? १० टक्के निकेल ऑक्साइड म्हणजे ग्रॅममागे ७८.६ मिलिग्रॅम निकेल, म्हणजेच १३३९ मायक्रोमोल. १३४ भागिले १३३९, दहा टक्के. याला डिस्पर्शन म्हणतात. निकेलसाठी १०१ ला या टक्केवारीने भागलं की कणाचा अंदाजे व्यास मिळतो: १० नॅनोमीटर. पृष्ठावरचा एक निकेल अणू ०.०६५ चौरस नॅनोमीटर जागा घेतो, त्या हिशेबाने निकेलचं क्षेत्रफळ ५.२ चौ.मी./ग्रॅम.

१८० पैकी ५.२. तीन टक्केही नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याने दुसरा नमुना युरियाच्या पद्धतीने केला. बीईटी २३६ आलं, नुसत्या सिलिकेपेक्षाही जास्त, आणि अभिक्रियेचा वेग मात्र पहिल्यापेक्षा कमी. तो म्हणाला, "आकडा त वाढला ना जी सर, मंग खराब कसा?" प्रश्न रास्त होता. युरियाने सावकाश अवक्षेप करताना निकेल सिलिकेशी जुळून पापुद्र्यांचं निकेल सिलिकेट तयार होतं. पापुद्रे आले की क्षेत्रफळ वाढतं, पण त्यातलं निकेल हायड्रोजनला सहजासहजी दाद देत नाही, धातू व्हायला जास्त तापमान मागतं. हायड्रोजन मोजल्यावर त्याच्या नमुन्यात धातूचं क्षेत्रफळ ३ च्या खालीच निघालं. दोन्ही वेगांना आपापल्या धातूच्या क्षेत्रफळाने भागलं तर ते जवळजवळ सारखे आले. दोन्हीकडचं निकेल सारखंच काम करत होतं, एका नमुन्यात ते उघडं कमी होतं एवढंच. पुढच्या खेपेला त्याने हायड्रोजनचं तापमान वाढवून बघितलं. युरिया सोडला नाही.

केमिसॉर्प्शनची सोय नसेल तर टीईएमवर शंभर-दोनशे कण मोजून सरासरी व्यास काढा आणि उलट्या दिशेने तोच हिशेब करा. ओबडधोबड असतो, पण बीईटीच्या आकड्याने वेग भागण्यापेक्षा बरा.

पायरी सहावी: लिहिताना

सॉफ्टवेअर १८०.०४३७ असं छापतं. प्रबंधात १८० लिहा. एकच नमुना पुन्हा मोजला तर दोन-चार टक्के इकडेतिकडे होणारच, म्हणून १७८ आणि १८२ मध्ये फरक दाखवून त्यावर परिच्छेद लिहू नका.

आमच्याकडे आता वाक्य असं ठरलंय: "नायट्रोजन, ७७ केल्विन, २५० अंशांवर ६ तास डीगॅसिंग, वजन डीगॅसिंगनंतरचं, सापेक्ष दाब ०.०५ ते ०.३०, सहा बिंदू, सी १००. बीईटी क्षेत्रफळ १८० चौ.मी./ग्रॅम; हायड्रोजन केमिसॉर्प्शनने निकेलचं क्षेत्रफळ ५.२ चौ.मी./ग्रॅम." शेजारी पूर्ण आयसोथर्म, दोन्ही वाटांसकट.

आणि नमुने पाठवतानाच पीडीएफसोबत कच्च्या आकड्यांची फाईल मागून घ्या. नंतर मागितली तर मिळतेच असं नाही. आमचे पहिल्या दोन वर्षांचे रिपोर्ट तसेच पडून आहेत, नुसता आकडा आणि खाली सही.